जुन्या खेळाडूचा नवा सदरा



आपल्याकडच्या पुष्कळ हायस्कुलांच्या पटांगणात एका कडेला दोन खांब उभे असतात. खांबाला फळी, फळीला लोखंडी कडी, आणि कडीला जाळी. ही जाळी बहुतेक ठिकाणी फाटलेली असते, नाहीतर नसतेच. हा जो बास्केटबॉलचा खेळ, तो एका शिक्षकाने शोधून काढला आहे, हे ऐकून आमच्या शिक्षक बंधुभगिनींना बरे वाटेल. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड या गावी १८९१ सालच्या हिवाळ्यात जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकापुढे प्रश्न उभा राहिला, की थंडीमुळे मुले आत कोंडली गेली आहेत, आता यांना दमवायचे कसे? त्याने व्यायामशाळेच्या सज्ज्याला दोन्ही टोकांना पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या. सज्जा दहा फूट उंचीवर होता, म्हणून टोपली दहा फुटांवर आली. टोपलीची कडी झाली, पण ती उंची आजतागायत तीच आहे.

दहा फुटांची ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. कडी काही खाली येत नाही. विशीतल्या पोराला दहा फूट, आणि अडतीस वर्षांच्या माणसालाही दहाच फूट. आज मला अशाच एका माणसाविषयी बोलायचे आहे. त्याचे नाव हकीम ओलाजुवान. उंची सात फुटांच्या घरातली. सतरा हंगाम तो अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराच्या संघाकडून खेळला, आणि २००१ साली, अडतीस वर्षांचा असताना, कॅनडातल्या टोरोंटोच्या संघात गेला. तिथे एकच हंगाम खेळला. त्या एका हंगामाचा विषय निघाला की जुने शौकीन लोक अजून हळहळतात. "गेला नसता तर बरं झालं असतं," "तो सदरा त्याच्या अंगावर बघवत नव्हता," अशी त्यांची भाषा. ह्यूस्टन सोडले आणि खेळ उतरला, असा त्यांचा एकंदर हिशेब. हा हिशेब कितपत खरा आहे, ते आपण जरा तपासून पाहू.

ओलाजुवानचा जन्म १९६३ सालचा, नायजेरियातल्या लेगॉस शहरातला. आईवडिलांचा सिमेंटचा धंदा होता. हा मुलगा फुटबॉल खेळे, त्यात गोलरक्षक म्हणून उभा राही. हँडबॉलही खेळे. पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याने बास्केटबॉल खेळलेलाच नव्हता. १९८० साली तो शिकायला ह्यूस्टनच्या विद्यापीठात आला. अमेरिकेत व्यावसायिक संघ दर वर्षी नव्या खेळाडूंना पाळीपाळीने निवडून घेतात. १९८४ साली पहिली निवड झाली ती याची, आणि निवड करणारा संघ ह्यूस्टनचाच. म्हणजे कॉलेजचे गाव आणि पोटापाण्याचे गाव एकच झाले. त्याच वर्षी तिसऱ्या नंबरावर निवडला गेला तो मायकेल जॉर्डन. पहिल्या नंबरावर वेगळे नाव होते म्हणून ह्यूस्टनच्या लोकांना कधी पश्चात्ताप करावा लागला नाही. यावरून हा माणूस काय असेल याची कल्पना यावी.

कडीजवळ उभा राहून खेळणाऱ्या उंच गड्याला सेंटर म्हणतात. उंच माणूस सहसा संथ असतो. अंगाच्या जोरावर मागे रेटायचे आणि चेंडू टाकायचा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. ओलाजुवानचे तसे नव्हते. त्याचे पाय फुटबॉलवर घडलेले. या खेळाचा नियम असा आहे, की चेंडू हातात धरून उभे राहिल्यावर एक पाय जागचा हलवायचा नाही. दुसऱ्या पायाने मात्र हवे तसे फिरता येते. या एका पायाच्या मुभेतून ओलाजुवानने आपली सारी विद्या उभी केली. कडीकडे पाठ करून तो चेंडू घ्यायचा. डावीकडे खांदा टाकायचा. समोरचा डावीकडे झुकला की उजवीकडे वळायचा. हात वर करून चेंडू टाकतो असे दाखवायचा. समोरच्याने उडी घेतली की हा जमिनीवरच. तो खाली येऊ लागला की मग हा शांतपणे वर जाऊन चेंडू टाकायचा. अमेरिकेतल्या लोकांनी त्या हुलकावणीला नावही दिले होते, आणि त्यात 'स्वप्न' हा शब्द होता, कारण कॉलेजात असल्यापासून त्याचे टोपणनावच ते पडलेले.

पण ऐका हं, हुलकावणीचे एक मर्म आहे, आणि पुढची सारी गोष्ट त्यावर उभी आहे. हूल चालते केव्हा? समोरच्याला खऱ्या चालीची धास्ती असते तेव्हा. हा खरोखरच उडी घेऊन चेंडू टाकील, अशी भीती असेपर्यंतच प्रतिस्पर्धी खोट्या उडीला फसतो. ती भीती गेली की तीच हूल, तितक्याच सफाईने केलेली, वाया जाते. समोरचा नुसता उभा राहतो.

भर उमेदीतला ओलाजुवान म्हणजे काय होता, ते थोडक्यात सांगतो. १९९३-९४ च्या हंगामात तो साऱ्या संघांमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला, बचावातला सर्वोत्तम ठरला, आणि अंतिम फेरीतलाही सर्वोत्तम ठरला. एकाच हंगामात हे तिन्ही मान मिळवलेला दुसरा खेळाडू नाही. अंतिम फेरी न्यूयॉर्कशी होती. सात सामन्यांपैकी जो चार जिंकेल तो विजेता. न्यूयॉर्कचे तीन झाले होते, ह्यूस्टनचे दोन. सहाव्या सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी न्यूयॉर्कच्या जॉन स्टार्क्सने लांबून चेंडू टाकला. तो आत जाता तर न्यूयॉर्क विजेते. ओलाजुवान धावत पुढे आला आणि त्याची बोटे चेंडूला लागली. सामना ८६-८४ ने ह्यूस्टनकडे राहिला, आणि मग सातवाही. पुढच्या वर्षी, १९९५ साली, आपल्या विभागात सहाव्या क्रमांकावर असलेल्या ह्यूस्टनने पुन्हा विजेतेपद घेतले. त्याच वर्षी फेब्रुवारीत रमजानचा महिना होता. ओलाजुवान दिवसा पाण्याचा थेंबही न घेता सामने खेळत होता, आणि त्या महिन्याचा उत्कृष्ट खेळाडू म्हणून निवड झाली ती त्याचीच. उपास करून शाळेत येणाऱ्या मुलांच्या गुरुजींना याचे मोल मी वेगळे सांगायला नको.

आता आकड्यांकडे वळू. शौकीन लोक आठवणीवर बोलतात. आकडे वहीतले असतात. १९९४-९५ च्या हंगामात तो सामन्यामागे सरासरी २७.८ गुण करीत होता. १९९६-९७ साली २३.२. पुढे दुखापती सुरू झाल्या. १९९९-२००० च्या हंगामात ८२ पैकी ४४ सामनेच खेळला, आणि सरासरी होती १०.३. त्यानंतरच्या हंगामात ५८ सामने आणि ११.९. हे दोन्ही हंगाम ह्यूस्टनचे. सदरा तोच, गाव तेच, टाळ्या वाजवणारे लोकही तेच. मग टोरोंटो. ६१ सामने, सरासरी ७.१ गुण.

म्हणजे सत्तावीसवरून अकरा-बारावर तो घरीच आला होता. अकरा-बारावरून सातवर आला तो परगावी. मोठा उतार कुठला, हे पाटी घेऊन बसलेला चौथीतला मुलगाही सांगेल. पण विचारा कुणाही जुन्या शौकिनाला. तो बोट दाखवील टोरोंटोकडेच.

असे का व्हावे? मला वाटते, ह्यूस्टनचे लोक त्याला नुसत्या डोळ्यांनी पाहत नव्हते. सतरा वर्षांची आठवण त्यांच्या डोळ्यांत भरलेली होती. तो मैदानावर हळूहळू चालत आला तरी त्यांना १९९४ ची धाव दिसे. एखाद्या संध्याकाळी त्याची ती जुनी हूल एकदा साधली, की आठ वेळा न साधल्याचे ते विसरून जात. आपल्या गोठ्यातल्या म्हाताऱ्या बैलाचे नाही का तसे होते? घरच्या माणसाला त्याने ओढलेल्या वीस पावसाळ्यांच्या मोटा आणि नांगर दिसतात. तोच बैल बाजारात उभा केला की गिऱ्हाईक तोंड उघडून दात मोजते. गिऱ्हाईक दुष्ट असते असे नव्हे. त्याने बैलाचे ते पावसाळे पाहिलेले नसतात, एवढेच.

टोरोंटोचे लोक तसे गिऱ्हाईक होते. त्यांच्या संघाने तीन वर्षांचा करार करून एक मोठे नाव आणले होते. त्यांचा तरणा खेळाडू विन्स कार्टर ऐन भरात होता, आणि कडीजवळ एक भक्कम माणूस मिळाला की आपण वर जाऊ, असा त्यांचा साधा हिशेब होता. त्यांनी पाहिला तो पाठ धरलेला, अडतीस-एकोणचाळीस वर्षांचा, सामन्यातली जेमतेम बावीस-तेवीस मिनिटे खेळणारा माणूस. हूल दाखवी, पण समोरचा उडी घेत नसे. त्यात त्या हंगामात कार्टरचा गुडघाही गेला. त्या लोकांनी नाक मुरडले असेल, तर मी त्यांना दोष देणार नाही. पदरचे पैसे मोजून तिकीट काढलेला माणूस दुसऱ्या गावच्या आठवणींना टाळ्या कशाला वाजवील?

आणि ह्यूस्टनच्या लोकांचे पाहा. आपला माणूस परक्या सदऱ्यात दिसल्याबरोबर त्यांच्याही डोळ्यांवरची आठवण सुटली. दोन वर्षे जे पाहूनही दिसले नव्हते, ते त्यांना एकदम दिसले. मग ते म्हणू लागले, "हा तो नव्हेच." तो तोच होता. सदरा तेवढा बदलला होता.

शिक्षकमंडळींना हे फार लांबचे वाटणार नाही. वीस-बावीस वर्षे एका गावात घालवलेल्या गुरुजींची निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना बदली होते. जुन्या गावी वर्गात खोकल्याची उबळ आली तर पोरे पाण्याचा तांब्या घेऊन धावत, कारण त्यांच्या बापांनाही याच गुरुजींनी शिकवलेले असते. नव्या गावी पोरे त्या खोकल्याची नक्कल करतात. खोकला एकच.

ओलाजुवानची गोष्ट एकट्याची असती तर मी एवढे बोललो नसतो. तिला एक जोड आहे. मघाशी ज्या न्यूयॉर्क संघाला ह्यूस्टनने हरवले म्हणालो, त्याचा सेंटर होता पॅट्रिक युइंग. जमैकात जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला. या दोघांची गाठ पहिल्यांदा पडली ती १९८४ साली, कॉलेजांच्या अंतिम सामन्यात. युइंगच्या जॉर्जटाउनने ओलाजुवानच्या ह्यूस्टनला ८४-७५ ने हरवले. दहा वर्षांनी ओलाजुवानने त्याची परतफेड केली. कॉलेजचा तो सामना झाला होता सिअॅटल शहरात, आणि योगायोग असा की न्यूयॉर्ककडून पंधरा हंगाम खेळल्यावर २००० साली युइंगची देवघेव झाली ती सिअॅटलच्या संघाशी. एकविसाव्या वर्षी जिथे विजेता म्हणून मिरवला, तिथेच अडतिसाव्या वर्षी दुखरे गुडघे घेऊन आला. तिथे सरासरी ९.६ गुण. पुढच्या हंगामात ऑर्लँडोच्या संघात ६. आणि मग २००२ साली निवृत्ती, ओलाजुवानच्याच वर्षी. कॉलेजच्या पटांगणापासून अखेरपर्यंत दोघे जणू एकाच दिंडीत चालत होते.

पण युइंगच्या गावाची तऱ्हा निराळी होती. न्यूयॉर्कच्या लोकांनी त्याच्यावर प्रेम केले, आणि त्याला छळलेही पुष्कळ. विजेतेपद मिळाले नाही म्हणून राग. १९९९ साली तो टाचेच्या शिरेच्या दुखापतीने बाहेर बसला आणि संघ त्याच्यावाचून अंतिम फेरीत पोचला, तेव्हा तर "याच्याशिवायच संघ बरा खेळतो" असा एक सिद्धांतच शौकिनांनी मांडला. त्या सिद्धांताला त्याचेच नाव चिकटले! म्हणून तो गेला तेव्हा पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि पुढे काय झाले? २००१-०२ चा हंगाम संपला तेव्हा न्यूयॉर्कचा संघ बाद फेरीतही नव्हता. १९८८ पासून असे एकदाही घडले नव्हते. सिद्धांत मांडणाऱ्यांचा आवाज जरा खाली आला असावा.

२७ फेब्रुवारी २००१ रोजी युइंग सिअॅटलच्या सदऱ्यात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये खेळायला आला. एकेकाळी त्याची हुर्यो करणारे ते क्रीडागृह उभे राहिले, आणि टाळ्या थांबेनात. आता यात मला कौतुकही वाटते आणि थोडे हसूही येते. त्या रात्री तो त्यांच्या विरुद्ध खेळत होता. त्याच्या गुडघ्यांकडून आता त्यांना काही घ्यायचे नव्हते. घेणे संपल्यावर माणसाचे देणे आठवते, हे सासरी गेलेल्या मुलीच्या बाबतीतही आपण पाहतोच.

आता कुणी म्हणेल, की हे लोक आपल्याच गावी राहिले असते तर शेवट गोड झाला असता. त्याचेही उदाहरण आहे. लॉस एंजेलिसचा कोबी ब्रायंट वीस हंगाम एकाच संघात राहिला. त्याचा शेवटचा हंगाम २०१५-१६ चा. संघ ८२ पैकी १७ सामने जिंकला, ६५ हरला. कोबीने टाकलेल्या शंभर चेंडूंपैकी छत्तीसही आत जात नव्हते. हा उतार टोरोंटोतल्या ओलाजुवानपेक्षा काही मोठा सन्मानाचा नव्हता. पण गाव त्याचे होते. लोकांनी त्या हंगामाची वारीच करून टाकली. शेवटच्या सामन्यात त्याने पन्नास वेळा चेंडू टाकला आणि साठ गुण केले, तेव्हा कोणी म्हणाले नाही, की एकट्याने पन्नास वेळा टाकणे हा सांघिक खेळातला स्वार्थ आहे. एरवी म्हणाले असते.

तेव्हा शरीराचा उतार एक, आणि तो पाहणाऱ्याची नजर एक, या दोन गोष्टींची गल्लत होते. गाव बदलल्याने माणूस म्हातारा होत नाही. गाव बदलले की त्याच्या म्हातारपणावर घातलेली शाल तेवढी निघते.

मग त्याने आधीच थांबायला हवे होते का? शौकिनांचे म्हणणे तसेच पडते, आणि त्यांच्या म्हणण्यातला जिव्हाळा मला कळतो. त्यांना आपली आठवण निष्कलंक हवी असते. भिंतीवरचा फोटो पिवळा पडू नये, तसे. परंतु आठवण त्यांची असली तरी पाय त्याचे होते. पंधराव्या वर्षानंतर शिकलेली विद्या ज्याने एवढ्या थराला नेली, त्याला अजून एक हंगाम जमेल असे वाटले, तर त्यात वावगे काय? ह्यूस्टनच्या संघाने देऊ केलेला करार त्याला पटला नाही, टोरोंटोने बोलावले, तो गेला. संघालाही तरुण माणसे आणायची होती. कोणी कोणाचा घात केलेला नाही. पाठीने साथ दिली नाही तेव्हा तो करार पुरा होण्याआधीच, २००२ साली थांबला. कोणाला सांगावे लागले नाही.

टोरोंटोतला तो हंगाम अगदीच रिकामा होता असेही नाही. त्या हंगामात त्याने प्रतिस्पर्ध्यांचे ९० टाकलेले चेंडू हवेतच अडवले. ते ह्यूस्टनच्या ३७४० मध्ये मिळवले की होतात ३८३०. हा त्या व्यावसायिक संघांच्या इतिहासातला सर्वांत मोठा आकडा आहे. हळहळणारे लोक हा आकडा मोठ्या अभिमानाने सांगतात. त्यातले नव्वद टोरोंटोचे आहेत, हे सांगायला विसरतात.

नोव्हेंबर २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संघाने त्याचा ३४ क्रमांक कायमचा राखून ठेवला. पुढे त्या संघात तो आकडा कोणी घालायचा नाही. २००८ साली तिथल्या क्रीडागृहाबाहेर त्याचे स्मारक उभारले गेले. धर्मश्रद्धेमुळे त्याला स्वतःचा पुतळा नको होता. म्हणून स्मारकात माणूस घडवलाच नाही. नुसता ३४ आकड्याचा सदरा उभा केला. अर्थात ह्यूस्टनचा.

आणि एक गोष्ट सांगून संपवतो. निवृत्तीनंतर काही वर्षांनी व्यावसायिक खेळाडू ह्यूस्टनला त्याच्याकडे शिकायला येऊ लागले. २००९ साली कोबी ब्रायंट आला, त्याच उन्हाळ्यात विजेता झालेला. २०११ साली लेब्रॉन जेम्स आला. दोघांनाही साऱ्या जगाने नावाजलेले. आणि शिकायचे होते काय, तर ती जुनी हूल. ओलाजुवान तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढचा. उडी पहिल्यासारखी राहिली नव्हती, पण इथे त्याला कोणावर मात करायची नव्हती. कडीकडे पाठ करून, एक पाय जमिनीला रोवून तो उभा राही, आणि खांदा कुठे टाकायचा, नजर कुठे ठेवायची, दुसरा पाय केव्हा उचलायचा, ते सावकाश करून दाखवी. मग चेंडू पोराच्या हातात देई आणि म्हणे, आता तू कर.